शंभरच्या आत कधी? हौशी गोल्फरने मनात किती स्कोअर धरावा?

पांदणवाट (२८ सप्टेंबर, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. विषय वाचून हसणार असाल तर आधीच हसून घ्या. घरी हसून झालंय सगळ्यांचं.

तालुक्याच्या गावी माझं कृषी केंद्र आहे. गावापासून पंचवीस किलोमीटरवर एका वसाहतीत नऊ होलचं गोल्फचं मैदान आहे. चार वर्षांपूर्वी तिथे गवताचं बी आणि तणनाशक द्यायला गेलो होतो. तिथल्या एका साहेबांनी हातात काठी दिली आणि म्हणाले, मारून बघा. पहिला बॉल हवेत असा गेला की अंगावर काटा आला. त्यानंतर तसा फटका बसायला आठ महिने लागले, पण तोवर मी अडकलो होतो.

महिन्यातून तीन-चारदा खेळतो. नऊ होल दोनदा, म्हणजे अठरा. पार ७२, म्हणजे चांगल्या खेळाडूला लागावेत तेवढे फटके; जितके कमी तितकं चांगलं. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या सपाट जागेवर, गवत नाही, 'ब्राउन' आहेत, म्हणजे तेल मिसळून दाबलेली वाळू. पट (बॉल होलकडे घरंगळवायचा हलका फटका) मारण्याआधी पाटी ओढून रेघ सपाट करायची.

यंदा १ जानेवारीला दुकानाच्या डायरीत लिहिलं होतं: 'या वर्षी ९०.' सप्टेंबर संपत आला. शेवटच्या दहा फेऱ्या अशा: ११९, १२४, ११७, १२२, ११५, १२७, ११८, १२१, ११६, १२३. डायरीतलं ते पान बायकोने उधारीच्या हिशोबात वापरून टाकलं.

तर माझ्यासारख्याने धरायचं तरी किती? ९० फार झालं हे कळलं. पण १०० की ११०? की आकडा धरूच नये? प्रशिक्षक वगैरे इकडे नाहीत. मोबाईलवर बघून शिकतो. वय ४३.

रोही (रात्री १०:०४)

भाऊ, तुमी वावरात इटीदांडू खेळा. त्यात कोनी पार इचारत नाई.

मृगबहार (रात्री १०:११)

वाचतोय. गोल्फमधलं काही कळत नाही, पण उधारीच्या पानावर हसलो.

सुभेदार_४७ (रात्री १०:४०)

जय हिंद. फौजेत असताना सुरू केलं, आता रिटायर होऊन गावी शेती. कामठीला पोस्टिंग होती तेव्हा साहेब लोकांची बॅग धरता धरता शिकलो. ११० वरून ८९ ला यायला मला अकरा वर्षं लागली. अकरा. हे घाबरवायला नाही सांगत.

आधी एक काम करा. शेवटच्या फेरीचं कार्ड काढा आणि होलप्रमाणे आकडे इथे टाका. एकूण ११९ म्हणजे नुसती बेरीज. माणूस कुठे मेला ते बेरजेत दिसत नाही.

पांदणवाट (रात्री ११:१५)

हे घ्या सुभेदार साहेब. ११९ चं कार्ड: पार १, बोगी (पारच्या एक वर) ४, डबल बोगी (दोन वर) ५, ट्रिपल ४. उरलेल्या चार होलवर +५, +५, +५ आणि +६.

तो +६ सहाव्या होलवरचा. पार ४, उजव्या अंगाला नाला आणि कुंपणापलीकडे तुरी. टीवरून (होल सुरू होतो त्या जागेवरून) मारला तो सरळ तुरीत. दंड. पुन्हा टीवरून तिसरा, तोही तुरीत. पाचवा मैदानात राहिला, सहाव्यात ब्राउनजवळ, सातवा चिप (जवळून उचललेला छोटा फटका) पलीकडे, आठव्यात ब्राउनवर, दोन पट. दहा. तुरीचा मालक धुऱ्यावर उभा होता. म्हणाला, "आज किती पेरले?"

शेवंता (२९ सप्टेंबर, सकाळी ६:२०)

"आज किती पेरले" 😂

मी ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे, नवऱ्याच्या नोकरीमुळे अशाच एका वसाहतीत राहते. सहा वर्षं खेळतेय, १०४ ते ११० च्या मध्ये.

तुमच्या कार्डावर एक साधा हिशोब करते. ती चार होल सोडून बाकी चौदांवर तुम्ही किती वर? चार बोगी म्हणजे ४, पाच डबल म्हणजे १०, चार ट्रिपल म्हणजे १२. एकूण २६. आणि फक्त चार होलवर २१! समजा कुठल्याच होलवर डबलच्या वर गेला नसतात, तर ४ आणि तेरा डबलचे २६, म्हणजे ३०. स्कोअर १०२. एकही नवा फटका न शिकता.

म्हणून माझं मत: एकूण आकडा धरू नका. "आज दोनपेक्षा जास्त होलवर वाट लागू द्यायची नाही" एवढं धरा.

रोही (सकाळी ७:०२)

डाक्टरीनबाई, वाट लागू द्याची नाई हे कोनाच्या हातात असते? मले तर वाटे वाट आपोआप लागते.

शेवंता (सकाळी ७:०९)

पहिला बॉल तुरीत गेला, तो नशिबाने. दुसरा त्याच काठीने, त्याच तावात मारला तो हातानेच की.

सुभेदार_४७ (सकाळी ८:३०)

मॅडमशी सहमत. आणि सहाव्या होलवर ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, काढायचाच कशाला? सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे मधल्या पल्ल्याच्या काठीने, दोनदा मारला तरी ब्राउनजवळ पोचता. पार नाही होणार, बोगी किंवा डबल होईल. आमचे एक साहेब म्हणायचे, जिथे दुश्मनचं बंकर माहीत आहे तिथे परेड काढायची नाही.

एक नियमही सांगून ठेवतो. २०१९ च्या नियमांत क्लबांना एक स्थानिक नियम लावायची सोय झाली. बॉल हद्दीबाहेर गेला किंवा हरवला तर परत टीवर जायचं नाही. जिथून बाहेर गेला त्या जागेच्या आसपास, फेअरवेच्या (मधल्या मोकळ्या पट्ट्याच्या) कडेला बॉल हातातून सोडायचा, दोन फटके दंड, पुढचा फटका चौथा. मोठ्या स्पर्धांत हा नियम नसतो, पण हौशी खेळासाठीच केलाय. तुमच्या मैदानावर लावून घ्या. शोधायलाही आता तीनच मिनिटं मिळतात, पूर्वी पाच मिळायची. तुरीत पाच मिनिटं शोधूनही काय सापडतंय म्हणा.

चिखलदरा_रिटर्न (सकाळी ९:१५)

माफ करा, पण मला हा धागाच कळत नाही. इथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची आणि तिकडे वसाहतीत गवताला पाणी? गोल्फ म्हणजे साहेब लोकांची चैन. 'आकडा किती धरू' ही अडचण असणं हेच सुख आहे.

पांदणवाट (सकाळी ९:४०)

तुमचा राग समजतो. आमच्याकडे ग्रीनला पाणी नाहीच, म्हणून तर ब्राउन. फेअरवे म्हणजे पावसाळ्यात गवत आणि एप्रिलमध्ये भेगाळलेली काळी जमीन. मे महिन्यात बॉल भेगेत गेला तर हात घालायची हिंमत होत नाही, आत विंचू असतो. नाइलाजाने दुसरा बॉल. तुमच्या कल्पनेतली हिरवीगार मखमल मी फक्त टीव्हीवर पाहिलीय.

रोही (सकाळी ९:४४)

भेगेत बॉल गेला तं तो होल मानाचा काय? मंग तं भाऊ तुमी एका फटक्यात चार होल मारले असन.

तर्री_पोहा (दुपारी १:३०)

मी सगळ्यांच्या विरुद्ध जाणार. धरायचं तर मोठंच धरावं. ११० धरलं की माणूस ११० चाच राहतो. अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडी, म्हणजे बॅग धरणारा, होता आणि १९९१ मध्ये त्याने इंडियन ओपन जिंकली, तसं करणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. त्याने काय "आज दोनच होलवर वाट लागू दे" असं धरलं असेल?

आणि आपलं घरचंच उदाहरण. विदर्भाच्या रणजी संघाला वर्षानुवर्षं कोणी विचारत नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये दिल्लीला हरवून करंडक आणला, पुढच्या वर्षी पुन्हा आणला. लहान धरलं असतं तर झालं असतं का?

आकडेमोड (दुपारी ३:१०)

@तर्री_पोहा, अली शेर लहानपणापासून मैदानावर वाढलेला माणूस. पांदणवाट महिन्यातून चारदा खेळतात, तेही दुकान बंद करून. त्यांचं आणि त्याचं एकच माप कसं लावायचं? आणि रणजी संघही एका रात्रीत नाही झाला. आधी खेळाडू घडवले गेले, अनुभवी माणसं बाहेरून आणली, बाहेरचा प्रशिक्षक आणला, मग अंतिम सामन्यात गुरबानीची हॅटट्रिक झाली.

मी मूळ दारव्ह्याचा, आता पुण्यात. थोडे आकडे देतो, कारण दिल्याशिवाय राहवत नाही.

हँडिकॅप म्हणजे खेळाडू पारच्या साधारण किती वर खेळू शकतो त्याचं माप. त्याची जागतिक पद्धत २०२० पासून लागू झाली. त्यात शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या सर्वोत्तम आठ धरतात, त्यांच्या सरासरीवर हँडिकॅप ठरतो. सर्वोत्तम आठ, वीसच्या वीस नाहीत. म्हणजे हँडिकॅप ही आपल्या चांगल्या दिवसांची सरासरी आहे. त्यामुळे हौशी माणूस रोज आपल्या हँडिकॅपइतका खेळत नाही, नेहमीची फेरी त्याच्या काही फटके वरच असते. हे न कळल्यामुळे कितीतरी लोक दर रविवारी उगाच तोंड पाडून घरी जातात.

त्याच पद्धतीत एका होलचा स्कोअरही मर्यादित धरतात: पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर तुम्हाला हँडिकॅपप्रमाणे मिळणारे फटके. तुमच्या त्या दहाची नोंद तशी दहा होणारच नाही. शेवंताताई म्हणतात ते या पद्धतीतच बसवलंय म्हणा ना.

पांदणवाट (दुपारी ४:००)

आमच्या मैदानाचं रेटिंगच, म्हणजे ते किती अवघड याचं मापच, झालेलं नाही हो. अधिकृत हँडिकॅप कुठून मिळणार?

आकडेमोड (दुपारी ४:१२)

मग वही ठेवा. वही कोणी अडवत नाही.

तर्री_पोहा (दुपारी ४:३०)

वहीने गोल्फ येत असतं तर आमच्या बँकेचा शाखाधिकारी चॅम्पियन असता. शॉर्ट गेमचा सराव करा. अर्ध्याहून जास्त फटके शंभर यार्डांच्या आतच असतात.

आकडेमोड (संध्याकाळी ६:०५)

फटक्यांची संख्या बरोबर, पण निष्कर्ष घाईचा. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी हजारो फेऱ्यांची नोंद तपासली. चांगला खेळाडू आणि साधा खेळाडू यांच्यातला सुमारे दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांच्या बाहेरच्या फटक्यांतून येतो. पटिंगचा वाटा लोकांना वाटतो त्याहून कमी.

पटिंगबद्दलच आणखी एक सांगतो, मनाला बरं वाटेल. आठ फुटांवरून अमेरिकेच्या पीजीए टूरवर खेळणारे व्यावसायिकही साधारण निम्मेच पट घालतात. आपण पाच फुटांवरून चुकलो की काठी आपटतो. काठीचा काय दोष?

शेवंता (संध्याकाळी ७:३०)

याला जोड म्हणून: टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, एका फटक्याने पदक हुकलं. ड्राइव्हच्या अंतरात ती बाकीच्यांच्या बरीच मागे होती, तरी पटिंगच्या जोरावर शेवटच्या दिवसापर्यंत पदकाच्या शर्यतीत होती. पोटात गोळा आणून ती फेरी पाहिली मी. म्हणजे आकडेमोड भाऊंचं सरासरीला खरं असेल, पण प्रत्येकाचा मार्ग वेगळा.

पांदणवाट, तुमचा मार्ग सध्या तुरीतून जातोय. आधी तो बंद करा.

सातबारा (३० सप्टेंबर, सकाळी १०:२०)

उशिरा येतोय. मी सेवानिवृत्त तलाठी. गोल्फ म्हणजे काय ते वसाहतीच्या मोजणीच्या वेळी पाहिलं, एकदा बॉल कानाजवळून गेला, एवढाच संबंध. पण प्रश्न वाचून वाटलं, हे तर आमचंच खातं.

आज तारीख ३०. आज खरिपाची नजरअंदाज पैसेवारी, म्हणजे गावाच्या पिकाचा सरकारी अंदाज, जाहीर होते. ३१ ऑक्टोबरला सुधारित, ३१ डिसेंबरला अंतिम. का तीनदा? कारण सप्टेंबरात पीक उभं असते, डोळ्यानं हिरवं दिसते. सोयाबीन सोंगल्यावर खरं कळते की शेंगा भरल्या की पोचट. म्हणून पहिला आकडा नजरेचा, दुसरा दुरुस्तीचा, तिसरा मापाचा. पहिलाच आकडा वर्षभर धरून बसला तर तहसीलदार नोटीस काढते.

आणि पैसेवारी काढताना शेजारच्या गावाचं पीक धरत नाही. आपल्याच शिवारात प्लॉट पाडायचा, कापायचा, मोजायचा. तुमचं ९० हे कोणाच्या शिवारातून आणलं होतं?

पांदणवाट (सकाळी १०:३५)

मोबाईलवरून 🙏

काकाजी, काढून द्या ना आमची पैसेवारी.

सातबारा (सकाळी ११:५०)

घ्या. तुमच्या दहा फेऱ्या. सर्वात चांगली ११५ आणि सर्वात खराब १२७, दोन्ही बाजूला काढा. अपवादाचं पीक धरत नसतो. उरलेल्या आठांची बेरीज ९६०. भागिले आठ, बरोबर १२०. हे तुमचं आजचं पीक.

नजरअंदाज: डिसेंबर अखेर सरासरी ११२. एका फेरीत ११२ झालं की नाचू नका, सरासरी बघा. ऑक्टोबरअखेर कार्डं इथे टाका, सुधारित काढू. काही फेऱ्या खराब झाल्या तर आकडा वरही जाऊ शकते, त्यात लाज नाही. अतिवृष्टी झाली तं झाली.

रोही (दुपारी १२:०१)

काकाजी, तुमी नोकरीत असताना आमच्या गावाची पैसेवारी इतक्या मन लावून काढली असती तं बाप्पा मदत भेटली असती.

सातबारा (दुपारी १२:०६)

तुमचं गाव माझ्या साझ्यात नव्हतं. देवाची कृपा.

आकडेमोड (दुपारी १२:३०)

टाळ्या! टोकं काढून सरासरी. याला पुण्यात पैसे घेऊन शिकवतात. फक्त एक भर घालतो: कार्डासोबत प्रत्येक फेरीत किती होलवर +४ किंवा त्याहून वर गेलं ते लिहा. शेवंताताईंचा आकडा तो.

आणि पुढचं गणितही सांगून ठेवतो. प्रत्येक होलवर डबल म्हणजे १०८. नऊ बोगी आणि नऊ डबल म्हणजे ९९. शंभरच्या आत यायला एकही पार लागत नाही. हे टीवर उभं राहून आठवलं तरी ड्रायव्हर आपोआप बॅगेत जातो.

चिखलदरा_रिटर्न (दुपारी २:४५)

काल जरा जास्तच बोललो. चैन वगैरे शब्द मागे घेतो, पाण्याचा नाही. धागा मात्र वाचतोय, सोडवत नाही.

मृगबहार (१९ ऑक्टोबर)

अवांतर: यंदा आमच्याकडे संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ फार झाली. कोणाकडे उपाय असेल तर सांगा. इथे पांदणवाट भाऊ आहेत म्हणून विचारलं.

पांदणवाट (१९ ऑक्टोबर, रात्री)

मृगबहार भाऊ, फोटो पाठवा, पाहिल्याशिवाय सांगणार नाही. फळगळ बुरशीने असते, पाण्याच्या ताणाने असते, रस शोषणाऱ्या पतंगानेही असते. फळाला सुईने टोचल्यासारखं बारीक छिद्र आहे का बघा. गळालेली फळं झाडाखाली ठेवू नका, गोळा करून खड्ड्यात पुरा. आणि दुकानात जाऊन जो मिळेल तो डबा उचलू नका, मी दुकानदार असून सांगतोय.

पांदणवाट (३१ ऑक्टोबर, रात्री ९:३०)

सुधारित पैसेवारीसाठी अर्ज. सोयाबीन घरात आलं, दिवाळी झाली. या महिन्यात चार फेऱ्या: ११३, ११६, १०९, १२१. +४ किंवा त्याहून वरची होलं अनुक्रमे दोन, तीन, एक, चार.

१०९ च्या दिवशी सहाव्या होलवर सात नंबरची आयर्न काढली. कॅडीचं पोरगं माझ्याकडे असं बघत होतं जणू मी पोळ्याला बैलाऐवजी बकरी आणली. पण बॉल मैदानात राहिला. सहा फटके. तुरीचा मालक धुऱ्यावर होता, त्याने हात केला. निराश वाटला.

१२१ च्या दिवशी पहिल्याच होलवर आठ झाले आणि मग मी ते भरून काढायला निघालो. तिथेच चुकलं.

सुभेदार_४७ (रात्री १०:००)

भरून काढायला निघणं ही सगळ्यात मोठी बिमारी. मी अकरा वर्षांतली पाच त्याच्यातच घालवली. पहिल्या होलचे आठ हे आठच राहतात. दुसऱ्या होलला ते माहीत नसतं.

सातबारा (१ नोव्हेंबर, सकाळी)

बेरीज ४५९, भागिले चार, ११४.७५. पीक सुधारलं. सुधारित लक्ष्य: डिसेंबरात सरासरी ११०. सही, शिक्का, हुकूमावरून.

तर्री_पोहा (सकाळी ११:२०)

बघा, मोठं धरलं असतं तर एव्हाना १०० झालं असतं 😉

शेवंता (सकाळी ११:४५)

मोठं धरलं होतं जानेवारीत. उधारी लिहिली त्या पानावर.

आकडेमोड (१२ नोव्हेंबर)

मध्येच एक इशारा. गेल्या आठवड्यात इकडे एका मित्राला पुण्यातल्या गवताच्या मैदानावर घेऊन गेलो. तो ब्राउनवर १०१ खेळणारा. इथे ११५. ग्रीन वेगवान, उतार दिसत नाही, सहा ठिकाणी तीन-तीन पट. बिचारा गाडीत गप्प बसला होता. आकडा नेहमी त्या मैदानाचा असतो. काळ्या मातीतली ज्वारी आणि मुरमातली ज्वारी एका मापाने मोजायची नसते. बरोबर ना काकाजी?

सातबारा (१२ नोव्हेंबर)

बरोबर. गटनिहाय.

रोही (२१ डिसेंबर)

भाऊ, काय खबर? मी इथं कायले येऊन राहिलो मले समजत नाई, पण रोज पाहतो.

पांदणवाट (३१ डिसेंबर, रात्री ११:१०)

बाहेर पोरं शेकोटी करून बसली आहेत, मी दुकानात. डिसेंबरच्या चार फेऱ्या: १११, १०८, ११७, १०६.

११७ चं कारण सांगतो, बहाणा म्हणा हवं तर. त्या आठवड्यात आमच्या फिडरला शेतीची लाईन रात्री होती. रात्रभर हरभऱ्याला ओलीत करून पहाटे चिखलाचे पाय धुतले आणि थेट टीवर. चौथ्या होलवर बॉल ठेवायला वाकलो तर डोळा लागतो की काय असं झालं. अर्ध्यावर सोडून द्यावंसं वाटत होतं, पण वहीत नोंद हवी म्हणून खेळलो.

१०६ चं कार्ड मात्र पूर्ण लिहितो. पार १, बोगी ५, डबल ८, ट्रिपल ३, आणि +४ फक्त एक. सहाव्या होलवर सात. तो +४ अठराव्यावर झाला. तिथे दोन फुटांवरून पट चुकलो, कारण मनात बेरीज सुरू झाली होती. पहिल्या नऊनंतर बेरीज करायची नाही असं ठरवलं होतं. तरी केली.

बायकोला कार्ड दाखवलं. म्हणाली, "१०६ म्हणजे जास्त चांगलं का कमी चांगलं?" दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी समजावून सांगायला बसलो तर पाचव्या मिनिटाला ती झोपली.

सरासरी काकाजींनीच काढावी.

सुभेदार_४७ (रात्री ११:२५)

१०६! शाब्बास. दोन फुटांवरचा पट सगळ्यांचा चुकतो. माझा गेल्या रविवारी चुकला.

शेवंता (रात्री ११:३२)

मी आज ड्युटीवर आहे, एक सिझेरियन आटोपून वाचलं. अभिनंदन. माझं या महिन्यातलं सर्वोत्तम १०७. मला मागे टाकलंत, हे मी विसरणार नाही.

सातबारा (१ जानेवारी, सकाळी ७:४५)

अंतिम. बेरीज ४४२. भागिले चार, ११०.५. लक्ष्य ११० होतं. अर्धा फटका कमी पडला.

ओलीताची रात्र मी स्वतः तपासली, म्हणजे तुमच्या फिडरचं वेळापत्रक पाहिलं. खरं आहे. पण नियम तो नियम. सरासरी ११०.५ नोंदवली. वर्षभराचं पीक १२० वरून इथवर आलं, तेव्हा पैसेवारी ५० च्या वर जाहीर करत आहे.

रोही (सकाळी ७:५८)

म्हंजे दुष्काळ नाई?

सातबारा (सकाळी ८:०३)

दुष्काळ नाही. मदतही नाही. सहाव्या होलचा वेगळा पंचनामा तुरीच्या मालकाच्या समक्ष होईल.

पांदणवाट (सकाळी ८:४०)

मालकाला फोन केला होता. म्हणाला पंचनाम्याला येतो, पण तुरीत सापडलेले एकतीस बॉल आधी विकत घ्या.